पैसेवारी : जिल्हा पानावरचा एक शब्द आणि तो लिहिण्याची रीत

सप्टेंबर संपत आला की विदर्भातील अकराही जिल्ह्यांच्या पानांवर एक शब्द दिसू लागतो आणि जानेवारी उजाडेपर्यंत तो अधूनमधून येत राहतो. तो शब्द म्हणजे पैसेवारी. शहरी आवृत्तीच्या पहिल्या पानावर तो क्वचितच येतो आणि शेतीशी संबंध नसलेल्या वाचकाला तर तो अनोळखीच असतो. परंतु ज्या गावाच्या नावापुढे हा आकडा लागतो, त्या गावातील शेतकऱ्याच्या कर्जाची वसुली, त्याच्या पंपाचे वीजबिल आणि त्याच्या मुलामुलींचे परीक्षा शुल्क या सगळ्यांशी त्याचा थेट संबंध असतो. तालुक्याच्या किंवा खेड्याच्या ठिकाणाहून बातम्या पाठवणाऱ्या नव्या वार्ताहराने हा शब्द कोणत्या अर्थाने, कोणत्या जोडशब्दांसह आणि कोणत्या मर्यादेत वापरावा, याविषयी येथे लिहीत आहे. माझा आग्रह एकच आहे : पैसेवारी हा शब्द बातमीत एकटा लिहू नये. तो कोणत्या टप्प्याचा आहे, किती गावांचा आहे आणि त्यामुळे आज कोणाला काय मिळते किंवा मिळत नाही, हे त्याच्यासोबत आलेच पाहिजे.

आधी अर्थ पाहू. एखाद्या गावाच्या शिवारात यंदा प्रत्यक्ष किती पीक आले, याची तुलना त्या पिकासाठी ठरवलेल्या प्रमाण उत्पन्नाशी करून जो आकडा निघतो, ती त्या गावाची पैसेवारी होय. पूर्ण पीक म्हणजे एक रुपया, अर्थात १०० पैसे, असे मानले जाते. समजा, सोयाबीनचे प्रमाण उत्पन्न हेक्टरी १२ क्विंटल धरलेले असेल आणि पीक कापणी प्रयोगात, म्हणजे शेतात आखलेल्या भूखंडातील पीक कापून वजन केल्यावर, ते हेक्टरी ५ क्विंटल ४० किलो निघाले, तर त्या पिकाची पैसेवारी ४५ पैसे झाली. गावातील प्रमुख पिकांच्या अशा आकड्यांवरून गावाची पैसेवारी ठरते. हा आकडा पिकाच्या उत्पादनाचा आहे, पिकाच्या पैशांचा नाही. शब्दात ‘पैसे’ असल्यामुळे अनेक वाचकांना तो भावाशी किंवा मिळणाऱ्या मदतीच्या रकमेशी जोडलेला वाटतो. ‘पैसेवारी ४७ पैसे’ या वाक्याचा अर्थ ‘शेतकऱ्याला रुपयामागे ४७ पैसे मिळणार’ असा घेणारे सुशिक्षित वाचकही भेटतात. म्हणून हंगामातील पहिल्या बातमीत तरी एका वाक्यात अर्थ सांगावा. ‘सर्वसाधारण पिकाच्या तुलनेत यंदा किती पीक आले, हे दर्शवणारी पैसेवारी’ इतके लिहिले तरी पुरते.

या शब्दाचे जुने रूप आणेवारी. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा पिकाचा अंदाजही आण्यांतच केला जाई आणि सोळा आणे पीक म्हणजे भरघोस पीक असे समजले जाई. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणेपद्धती आली, आणे व्यवहारातून गेले आणि सरकारी कागदांवर पैसेवारी हा शब्द रुळला. जुन्या शब्दामागचा इतिहास मात्र वार्ताहराला माहीत असावा, कारण वादाचे मूळ तेव्हापासूनचे आहे. १९१८ च्या गुजरातमधील खेडा सत्याग्रहात मुद्दा हाच होता. मुंबई इलाख्याच्या महसूल नियमांनुसार पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल, तर त्या वर्षीची शेतसाऱ्याची वसुली पूर्ण तहकूब करण्याची मागणी शेतकऱ्यांना करता येत होती. शेतकऱ्यांच्या मते पीक चार आण्यांच्या आत होते आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या मते ते त्याहून जास्त होते. आकडा काढणारे आणि आकड्याचे परिणाम भोगणारे यांच्यातील हा मतभेद शंभर वर्षांनंतरही आपल्या पंचायत समितीच्या सभागृहात जवळपास त्याच शब्दांत ऐकू येतो. येथे एक सावधगिरी हवी. खेडा मुंबई इलाख्यात होता, तर वऱ्हाड आणि मध्य प्रांताची महसूल व्यवस्था वेगळी होती. त्यामुळे तो चार आण्यांचा नियम विदर्भातही होता, असे परस्पर लिहू नये.

आज लिहिताना आणेवारी वापरावे की पैसेवारी? माझे मत असे की बातमीच्या मजकुरात पैसेवारी हाच शब्द ठेवावा, कारण जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात तोच असतो. ‘आणेवारी ४७ पैसे’ अशी सरमिसळ करू नये. त्यात शब्द आण्यांचा आणि आकडा पैशांचा होतो. शेतकऱ्याचे म्हणणे अवतरणात देताना मात्र त्याचा शब्द बदलू नये. वऱ्हाडातील म्हातारा माणूस आजही ‘अवंदा आठ आणे बी पिकलं नाही’ असेच सांगतो, आणि ते वाक्य ‘यंदा पन्नास टक्केही उत्पादन झाले नाही’ असे करून छापले तर त्यातला माणूसच निघून जातो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सातबाऱ्याच्या आणि वाटणीच्या व्यवहारात आणेवारी म्हणजे खातेदारांचे हिस्से, असाही अर्थ आहे. ‘आणेवारीवरून भावकीत वाद’ अशी बातमी आली तर ती पिकाची आहे की हिश्श्याची, हे पाहिल्याखेरीज उपसंपादकाने मथळा देऊ नये.

नजरअंदाज, सुधारित, अंतिम

सर्वाधिक गोंधळ टप्प्यांचा होतो. खरीप हंगामात पैसेवारी एकदा नव्हे, तीनदा जाहीर होते. ३० सप्टेंबरच्या सुमारास नजरअंदाज पैसेवारी, ३१ ऑक्टोबरला सुधारित पैसेवारी आणि ३१ डिसेंबरला अंतिम पैसेवारी, असे वेळापत्रक आपल्या जिल्ह्यांत पाळले जाते. रब्बीची पैसेवारी वेगळी निघते, परंतु विदर्भातील बहुतेक गावे महसुली दप्तरात खरिपाची असल्यामुळे बातम्यांत प्रामुख्याने खरिपाचीच चर्चा होते.

नजरअंदाज या शब्दाने चकवा बसू नये. हिंदीत ‘नजरअंदाज करना’ म्हणजे दुर्लक्ष करणे. आपल्याकडे, विशेषतः नागपूर, गोंदिया, भंडारा या भागांत हिंदी कानावर सतत पडत असल्यामुळे ‘नजरअंदाज पैसेवारी’ हा मथळा वाचून शासनाने पैसेवारीकडे काणाडोळा केला, असा समज होऊ शकतो. महसुली मराठीत त्याचा अर्थ पीक शेतात उभे असताना नजरेने केलेला अंदाज एवढाच आहे. कापणी झालेली नसते, वजन झालेले नसते. म्हणूनच नजरअंदाज पैसेवारी ५० च्या वर आली की ‘जिल्ह्यात दुष्काळ नाही’ आणि खाली आली की ‘जिल्हा दुष्काळाच्या छायेत’ असे दोन्ही मथळे घाईचे ठरतात. या टप्प्यावर ‘प्राथमिक अंदाजानुसार’ हे शब्द पहिल्या वाक्यातच यावेत, चौथ्या परिच्छेदात नव्हे.

सुधारित पैसेवारीच्या वेळी सोयाबीन बहुतेक ठिकाणी घरात किंवा बाजार समितीच्या आवारात पोहोचलेले असते आणि त्याचे कापणी प्रयोग झालेले असतात. त्यामुळे पश्चिम विदर्भात या आकड्याला नजरअंदाजपेक्षा अधिक वजन असते. कपाशीची वेचणी मात्र तेव्हा पहिल्या-दुसऱ्या वेच्यात असते. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात, ऑक्टोबरअखेरीस हलके, म्हणजे लवकर येणारे, धान कापलेले आणि भारी, म्हणजे उशिरा येणारे, धान उभे, अशी स्थिती असते. एकाच तारखेला जाहीर होणारा एकच शब्द यवतमाळच्या काळ्या जमिनीत आणि भंडारा जिल्ह्यातील लाखांदूरच्या धानाच्या बांध्यांत सारखे काम करत नाही. ही गोष्ट वार्ताहराने आपल्या भागातील पिकांकडे पाहून बातमीत सांगितली पाहिजे. नागपूरहून किंवा अमरावतीहून आलेल्या शासकीय प्रसिद्धिपत्रकात ती नसते.

अंतिम पैसेवारी डिसेंबरअखेर येते. तोवर धान खळ्यातून उचललेले असते, कपाशीचे दोन-तीन वेचे झालेले असतात, परंतु तूर बहुतेक शिवारांत अजून उभी असते. गुलाबी बोंडअळीचा खरा फटका नंतरच्या वेच्यांत दिसतो आणि तुरीवर धुक्याचा किंवा अवकाळी पावसाचा मारा जानेवारीत बसू शकतो. ‘अंतिम’ हे विशेषण प्रशासकीय प्रक्रियेच्या शेवटाचे आहे, हंगामाच्या शेवटाचे नाही. हा फरक समजून घेतलेला वार्ताहर डिसेंबरची बातमी देताना तुरीची स्थिती काय आहे, हे एका वाक्यात नोंदवतो. गावाची पैसेवारी काढताना कोणती पिके धरली आणि कोणती सोडली, हा प्रश्न तहसील कार्यालयात विचारण्याजोगा आहे आणि त्याचे उत्तर बातमीत असणे वाचकाच्या हिताचे आहे.

आकडा कोणाचा

पैसेवारी गावाची असते. ती शेतकऱ्याची नसते आणि मुळात जिल्ह्याचीही नसते. तालुक्याचा आणि जिल्ह्याचा जो आकडा प्रसिद्धिपत्रकात येतो, ती गावांची सरासरी असते. मथळ्यात जिल्ह्याचा आकडा देण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे, कारण तो एकच असतो आणि लक्षात राहतो. परंतु लाभ गावागणिक ठरत असल्यामुळे सरासरीने खरी बातमी झाकली जाते. एक कल्पित हिशेब पाहा. तालुक्यात १०० गावे आहेत, त्यांपैकी ४० गावांची पैसेवारी ४४ आहे आणि ६० गावांची ५८ आहे. तालुक्याची सरासरी ५२.४० येते. ‘तालुक्याची पैसेवारी पन्नासच्या वर’ हा मथळा गणिताने बरोबर आहे, पण त्या ४० गावांतील वाचकाला तो आपल्याला काही मिळणार नाही असे सांगतो, आणि ते खरे नसते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. सरासरी ४८ आली म्हणून तालुक्यातील सर्व गावे सवलतींना पात्र ठरत नाहीत. म्हणून आधी गावांची संख्या, मग सरासरी, हा क्रम ठेवावा. शक्य असेल तेथे ५० च्या आतील गावांची यादी संपूर्ण छापावी. ती रुक्ष दिसते, जागा खाते, पण चावडीवर आणि पानटपरीवर तीच वाचली जाते.

गावांची संख्या लिहितानाही जपावे लागते. महसुली दप्तरातील एकूण गावे आणि पैसेवारी काढलेली गावे यांत फरक असतो. विदर्भात रिठी, म्हणजे उजाड, गावे बरीच आहेत. धरणांत बुडालेली गावे आहेत. ज्यांच्या नावे लागवडीचे क्षेत्रच नाही अशीही आहेत. ती वगळली जातात. त्यामुळे ‘जिल्ह्यातील सर्व गावांची पैसेवारी’ असे न लिहिता ‘पैसेवारी काढण्यात आलेल्या इतक्या गावांपैकी’ असे लिहावे. शिवाय एका ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावे असू शकतात आणि त्यांची पैसेवारी वेगवेगळी येऊ शकते. गट ग्रामपंचायतीच्या सरपंचाने सांगितलेला आकडा कोणत्या मौज्याचा, म्हणजे महसुली गावाचा, हे विचारून घ्यावे.

आकडा कोण काढते, याबद्दलही क्रियापदे काळजीने निवडावीत. गावपातळीवरील समिती पैसेवारी काढते किंवा ठरवते. तिच्यात महसूल, कृषी आणि ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी आणि शेतकरी असतात. जिल्हाधिकारी पैसेवारी जाहीर करतात. गावातील बोलीत पैसेवारी लागते : ‘आमच्या गावाले बावन्न लागली’ हे वाक्य अवतरणात जसेच्या तसे शोभते. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. अधिकृत उल्लेखात ते वापरावे, गावकऱ्याच्या तोंडचा तलाठी तसाच राहू द्यावा. पैसेवारी घसरली, कमी निघाली, वाढली ही क्रियापदे वस्तुस्थिती सांगतात. फुगवली, दडपली, घटवली ही क्रियापदे कोणाचा तरी हेतू सांगतात, आणि हेतू सांगायचा असेल तर हाती कागद हवा. असा कागद मिळू शकतो. पीक कापणी प्रयोगांचे तक्ते कार्यालयात असतात, माहितीच्या अधिकारात ते मागता येतात, आणि प्रयोगाचा भूखंड कोणत्या शेतात आखला होता, त्या दिवशी समितीचे कोण हजर होते, हे गावात विचारून पडताळता येते. समितीच्या सदस्याला आपण सदस्य आहोत हेच माहीत नाही, असे आढळले तर ती स्वतंत्र बातमी आहे आणि तिला कोणत्याही विशेषणाची गरज पडत नाही.

पन्नासची रेषा

५० पैशांपेक्षा कमी पैसेवारी असलेल्या गावांत टंचाईची स्थिती मानली जाते आणि शासनाने तसे जाहीर केल्यावर काही ठरावीक सवलती लागू होतात : जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, शालेय आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या कामांच्या निकषांत काही शिथिलता, आवश्यक तेथे पिण्याच्या पाण्याचे टँकर आणि टंचाईग्रस्त गावांत कृषिपंपाची वीजजोडणी न तोडणे. ही यादी वाचली की लक्षात येते की तिच्यात रोख मदत कोठेही नाही. ‘पैसेवारी पन्नासच्या आत, आता शेतकऱ्यांना भरपाई’ हा मथळा म्हणूनच चुकीचा आहे. त्याने खोटी आशा निर्माण होते, आणि ती फोल ठरली की राग वार्ताहरावर नव्हे, तर त्या बिचाऱ्या तलाठ्यावर निघतो.

दुसरी गोष्ट, जिल्हाधिकाऱ्यांनी आकडा जाहीर केला त्याच दिवशी सवलती सुरू होत नाहीत. विभागीय आयुक्तांमार्फत अहवाल शासनाकडे जातो आणि शासन निर्णय निघाल्यावर त्या लागू होतात. ‘सवलतींचा मार्ग मोकळा’ या लोकप्रिय शब्दप्रयोगाऐवजी ‘शासन निर्णयानंतर ही गावे सवलतींना पात्र ठरू शकतात’ असे लिहिणे कमी आकर्षक असले तरी अचूक आहे. आणि बरोबर ५० आली तर? ‘५० पैशांच्या आत’, ‘५० पैसे किंवा त्याहून कमी’ आणि ‘५० पैशांपर्यंत’ हे तीन शब्दप्रयोग सारखे नाहीत. बरोबर ५० वर असलेले गाव त्यांच्यापैकी एकात बसते आणि दुसऱ्यात बसत नाही. आदेशातील शब्द जसे असतील तसेच उतरवावेत, सोयीसाठी बदलू नयेत.

शेजारचे शब्द

पैसेवारीच्या आसपास वावरणारे काही शब्द आणि आकडे आहेत आणि घाईच्या संध्याकाळी ते एकमेकांत मिसळतात. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात, अर्थात काही गावांच्या महसुली गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. तिच्या नुकसानीचे पंचनामे होतात आणि पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालेल्या शेतकऱ्याला आपत्तीच्या निकषांनुसार मदत मिळते. येथे हिशेब शेताचा आणि शेतकऱ्याचा आहे. पीक विम्यात उंबरठा उत्पन्न हा शब्द येतो. मागील सात वर्षांपैकी सर्वोत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीम स्तराने, म्हणजे विम्याने संरक्षण दिलेल्या टक्केवारीने, गुणून ते ठरते आणि तेथे हिशेब बहुधा महसूल मंडळाचा असतो. पैसेवारीत हिशेब गावाचा. त्यामुळे एखाद्या गावाची पैसेवारी ५५ असताना तेथील काही शेतकऱ्यांना अतिवृष्टीची मदत मिळणे, किंवा पैसेवारी ४५ असताना विम्याची भरपाई न मिळणे, यात विसंगती नाही. तीन वेगळ्या मापांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात. शेतकरी मात्र एकच असतो, आणि ‘पैसेवारी कमी आहे, मग विमा का नाही’ हा त्याचा प्रश्न रास्त आहे. त्या प्रश्नाला बातमीत उत्तर देणे, हे मला या शब्दाच्या वापरातील सर्वांत उपयोगी काम वाटते. विमा प्रतिनिधीही ते इतक्या शांतपणे समजावून सांगत नाही.

दुष्काळ हा शब्द तर आणखी सांभाळून वापरायचा. ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्य शासनाने ५० पेक्षा कमी पैसेवारीच्या १४,७०८ गावांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर केली होती. ‘सदृश’ या तीन अक्षरांवरून वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि मे २०१६ मध्ये शासनाने त्या जागी ‘दुष्काळ’ हा शब्द आणला. तोवर अशा गावांची संख्या २९ हजारांहून अधिक झाली होती. त्यानंतर केंद्र शासनाची डिसेंबर २०१६ ची दुष्काळ व्यवस्थापन संहिता आली आणि राज्याने ७ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने तिच्यानुसार कार्यपद्धती ठरवली. आता दुष्काळ जाहीर करताना पावसातील तूट, वनस्पतींची स्थिती दर्शवणारा उपग्रहीय निर्देशांक, जमिनीतील ओलावा आणि जलविषयक निर्देशांक पाहिले जातात, कळ (इंग्रजीत ‘ट्रिगर’) हा शब्द वापरून त्याचे टप्पे सांगितले जातात आणि हिशेबाचे मूळ एकक तालुका असते. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी याच पद्धतीने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांपैकी ११२ तालुक्यांत तो गंभीर आणि ३९ तालुक्यांत मध्यम स्वरूपाचा होता. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ४० तालुक्यांत विदर्भातील बुलडाणा आणि लोणार हे दोनच होते.

यावरून पैसेवारी कालबाह्य झाली, असे म्हणणे मात्र योग्य नाही. २०१८ च्या हंगामातच तालुक्यांच्या यादीबाहेर राहिलेल्या पण अंतिम पैसेवारी ५० पेक्षा कमी आलेल्या गावांसाठी २०१९ च्या आरंभी शासनाला स्वतंत्र आदेश काढावे लागले. तेव्हा लिहिण्याची रीत अशी : तालुका संहितेच्या निकषांत बसला असेल तर ‘दुष्काळ’, पैसेवारीवरून गाव पुढे आले असेल तर शासन निर्णयात जो शब्द असेल तो, आणि शासनाने अजून काहीच म्हटलेले नसेल तर ‘पीक परिस्थिती बिकट’, ‘पावसाचा खंड’, ‘उत्पादनात मोठी घट’ यांसारखे वर्णन. गावकरी स्वतः दुष्काळ म्हणत असतील तर ते अवतरणात द्यावे. तो त्यांचा अधिकार आहे.

बुलडाणा जिल्ह्यातील भेंडवळच्या घटमांडणीचाही येथे उल्लेख करतो. अक्षय्य तृतीयेला घट मांडून दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस आणि पिकांविषयीचे भाकीत सांगितले जाते आणि त्याची बातमी सर्वत्र जाते. ती परंपरेची बातमी आहे आणि तशीच द्यावी. ऑक्टोबरात पैसेवारी आल्यावर ‘भाकीत खरे ठरले’ किंवा ‘खोटे ठरले’ असा जोड देऊ नये. भाकीत परिसराबद्दल मोघम असते, पैसेवारी गावाबद्दल नेमकी असते. त्यांची तुलना होत नाही.

मथळा, वृत्तलेख, अग्रलेख

मथळ्यात जागा कमी असते, म्हणून टप्पा गाळण्याचा मोह होतो. तो टाळावा. ‘४० गावांची सुधारित पैसेवारी ५० च्या आत’ हा मथळा दोन ओळींत बसतो आणि काहीही लपवत नाही. ‘पैसेवारीने शेतकरी हवालदिल’ यात माहिती काहीच नाही.

बातमीची सुरुवात कशी असावी, याचा नमुना वरच्याच कल्पित आकड्यांवरून देतो : ‘तालुक्यातील खरीप हंगामाची सुधारित पैसेवारी शुक्रवारी जाहीर झाली. पैसेवारी काढण्यात आलेल्या १०० गावांपैकी ४० गावांत ती ५० पेक्षा कमी, तर ६० गावांत ५० पेक्षा जास्त आहे. तालुक्याची सरासरी ५२.४० पैसे आहे. हे आकडे अंतिम नसून अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला जाहीर होईल. सवलतींबाबतचा निर्णय शासन स्तरावर होईल.’ पाच छोटी वाक्ये आहेत आणि त्यांपैकी एकही गाळता येत नाही. नजरअंदाजपेक्षा आकडा किती वर किंवा खाली गेला, हे सहावे वाक्य. त्यानंतर मंडळनिहाय तपशील, पिकांची स्थिती आणि शेतकऱ्यांचे म्हणणे.

वृत्तलेखात शब्दाला अधिक जागा मिळते आणि तेथे तो आकड्याबाहेर काढता येतो. शेजारशेजारच्या दोन गावांत, ज्यांची शिवारे एका नाल्याने विभागली आहेत, एकाची पैसेवारी ४८ आणि दुसऱ्याची ५३ आली, तर त्या पाच पैशांनी काय बदलते, हे पाहण्यासाठी दोन्ही गावांत जावे. वीजबिल पाहावे, सोसायटीच्या गटसचिवाला भेटावे, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांना परीक्षा शुल्काविषयी विचारावे. एका गावात ओलिताची जमीन जास्त असेल, दुसऱ्यात बरड आणि मुरमाड जमीन असेल, प्रयोगाचा भूखंड कोठे पडला यानेही फरक पडला असेल. असा लेख लिहिताना पैसेवारी हा शब्द प्रत्येक परिच्छेदात आणू नये. एकदा नीट समजावला की ‘हा आकडा’ म्हणून पुढे जाता येते.

अग्रलेखात आणि स्तंभात पैसेवारीचा अलंकारिक वापर होतो : प्रशासनाची पैसेवारी, नेतृत्वाची पैसेवारी, अधिवेशनाची पैसेवारी. स्तंभलेखकाने तो वर्षातून एखाद्या वेळी करावा, त्याला माझी हरकत नाही. बातमीत मात्र तो मला अजिबात मान्य नाही, विशेषतः सप्टेंबर ते जानेवारी या काळात. ज्या पानावर खऱ्या गावांची खरी पैसेवारी छापलेली असते, त्याच पानावर नगरपरिषदेच्या कारभाराची पैसेवारी पन्नासच्या आत गेल्याचे वाचायला मिळाले, तर वाचकाच्या मनात शब्दाची धार कमी होते. या शब्दाची धार गावाला लागते, म्हणून ती जपली पाहिजे.

व्याकरणाचे थोडे. पैसेवारी स्त्रीलिंगी आहे. पैसेवारीचा, पैसेवारीत, पैसेवारीनुसार अशी तिची रूपे होतात. अनेकवचनी ‘पैसेवाऱ्या’ कानाला खटकते, त्याऐवजी ‘गावांची पैसेवारी’ म्हणावे. आकड्यापुढे पैसे लिहावे, टक्के लिहू नये. समजावण्यासाठी एकदा ‘म्हणजे सर्वसाधारण पिकाच्या ४५ टक्के’ असे सांगितले तर चालते, पण आदेशातील ४५ पैशांचे परस्पर ४५ टक्के करू नयेत. ‘४५ टक्के पैसेवारी’ हा प्रयोग तर दोन्हींकडून चुकतो. दशांश दोन स्थळांपर्यंतच द्यावा. आणि जुन्या कात्रणातून मजकूर उचलताना मागच्या वर्षीचा टप्पा आणि तारीख त्यात राहिली नाही ना, हे पाहावे. दरवर्षी सारखीच वाक्यरचना असलेल्या बातम्यांत ही गफलत सहज होते.

अंतिम पैसेवारी छापून झाली म्हणजे विषय संपला, असे जिल्हा पानावर बहुधा धरले जाते, आणि मला तेच सर्वांत खुपते. जानेवारीत शासन निर्णयाची चौकशी करावी, त्यात आपल्या तालुक्यातील गावांची नावे आदेशातील यादीशी जुळतात का ते पाहावे. फेब्रुवारीत त्यांपैकी चार-दोन गावांत जाऊन कृषिपंपाच्या बिलावर ३३.५ टक्क्यांची सूट दिसते का, ते बिल हातात घेऊन तपासावे. बँकेने पीककर्जाच्या वसुलीच्या नोटिसा थांबवल्या का, हे सोसायटीत विचारावे. परीक्षेचे अर्ज भरलेल्या विद्यार्थ्यांना शुल्क परत मिळाले का, हे महाविद्यालयाच्या कार्यालयातून आणि विद्यार्थ्यांकडून, अशा दोन्ही बाजूंनी जाणून घ्यावे. या बातमीत पैसेवारी हा शब्द एकदाच येईल, कदाचित तिसऱ्या वाक्यात, आणि त्याच्या पुढे गावाचे नाव, आकडा आणि मिळालेल्या किंवा न मिळालेल्या सवलतीचा तपशील असेल.